हापशापासून प्रबंधापर्यंत: विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज या विषयात संशोधक व्हायचं असेल तर

महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत शाळेजवळ किंवा देवळामागे एक हापसा उभा असतो, बऱ्याचदा गंजलेला. सरकारी कागदांत त्याचं नाव इंडिया मार्क-२. १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने त्याचं प्रमाणित रूप ठरलं आणि पुढे तो परदेशांतही गेला. पण त्याच्या पूर्वजांची नावं आहेत 'जालना पंप' आणि 'सोलापूर पंप'. त्याआधीचे ओतीव लोखंडाचे पंप एका शेतघरापुरते बेतलेले असत. सबंध गावाने दिवसभर हापसल्यावर ते मोडत. मग ते मजबूत करण्याची खटपट आपल्याच जिल्ह्यांत झाली.

या हापशाबद्दल इंजिनिअर विचारेल, दांड्याला किती जोर लागतो. भूवैज्ञानिक विचारेल, पाणी किती खोल आहे. विज्ञान-तंत्रज्ञान-समाज अभ्यास करणारा वेगळंच काही विचारतो. तो गावठाणात बसला की दलित वस्तीत, आणि जागा कोणी ठरवली? रोज हापसतं कोण? बिघडला तर जबाबदारी ग्रामपंचायतीची की जिल्हा परिषदेची, आणि ही विभागणी पंपाच्या रचनेतच कुठे दडली आहे का? पाणी 'पिण्यायोग्य' ठरवणारी चाचणी कुठे होते आणि तिचा निकाल गावाला कळतो का? झिंबाब्वेमधल्या 'बुश पंप' नावाच्या हापशावर २००० साली निघालेला एक लेख या विषयाच्या वर्गांत जगभर शिकवला जातो. आपल्या जालना-सोलापूरच्या पंपावर तसं काम कुणीतरी करावं, एवढा तो विषय श्रीमंत आहे.

असे प्रश्न तुम्हाला गप्प बसू देत नसतील तर पुढचं वाचा. हा लेख मुख्यतः इंजिनिअरिंग किंवा बीएस्सी-एमएस्सी झालेल्या, पण समाजाकडे वळू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. समाजशास्त्र-इतिहासवाल्यांनाही उपयोगी पडेल. त्यांना फक्त उलट्या दिशेने चालावं लागेल.

हे काय आहे आणि काय नाही

इतिहास थोडक्यात उरकतो. थॉमस कून यांचं वैज्ञानिक क्रांत्यांवरचं पुस्तक १९६२ चं. १९६६ मध्ये एडिंबरा विद्यापीठात विज्ञानाच्या अभ्यासाचं स्वतंत्र केंद्र निघालं. तिथल्या मंडळींनी एक नियम घालून दिला: खरं ठरलेलं ज्ञान आणि खोटं ठरलेलं ज्ञान, दोन्हींची कारणं एकाच पद्धतीने शोधा. खरं ठरलं ते 'निसर्गामुळे' आणि फसलं ते 'समाजामुळे', अशी सोयीस्कर वाटणी करू नका. १९७० च्या दशकात काही अभ्यासक चक्क प्रयोगशाळांत जाऊन बसले आणि वैज्ञानिकांच्या रोजच्या कामाच्या नोंदी करू लागले, जशा मानववंशशास्त्रज्ञ एखाद्या गावात राहून करतो. १९७५ मध्ये या विषयाची आंतरराष्ट्रीय संघटना (सोसायटी फॉर सोशल स्टडीज ऑफ सायन्स) स्थापन झाली, जिला सगळे 'फोर-एस' म्हणतात.

भारतात या विषयाची मुळं वेगळ्या मातीत आहेत आणि हे लक्षात ठेवणं फार गरजेचं आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरलं. जगात असं दुसरीकडे क्वचितच. १९८१ मध्ये या दृष्टिकोनावर मान्यवरांचं एक निवेदन निघालं, त्याला समाजचिंतक आशीष नंदींनी जाहीर उत्तर दिलं आणि तो वाद आजही पुरता मिटलेला नाही. शिवाय लोकविज्ञान चळवळ, १९८४ ची भोपाळ दुर्घटना, धरणं, अणुप्रकल्प. म्हणजे आपल्याकडे हे प्रश्न आधी रस्त्यावर आले, विद्यापीठात नंतर.

दोन गैरसमज आधीच काढून टाका. हे विज्ञानप्रसाराचं काम नाही. ते काम मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून उत्तम करते आहे. आणि हा विज्ञानविरोधही नाही. लस कशी बनली, तिच्या चाचणीत कोण होतं आणि कोण नव्हतं, हे विचारणारा माणूस लस घेऊ नका असं सांगत नसतो. घरच्यांना आणि जुन्या वर्गमित्रांना हे समजावून सांगण्यात तुमची काही वर्षं जाणार आहेत, तयारी ठेवा.

आधी स्वतःला तपासून पाहा

प्रवेशाचे अर्ज भरण्याआधी एक छोटं काम करून बघा. खर्च काहीच नाही. आपल्या तालुक्यातला एखादा आकडा, यंत्र किंवा प्रमाणपत्र घ्या आणि त्याचा माग काढा.

उदाहरणार्थ, भूजल. आपल्याकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी मोजते आणि पाणलोट क्षेत्रं सुरक्षित, अंशतः शोषित, शोषित, अतिशोषित अशा वर्गांत टाकते. त्याच गावात बोअर मारायच्या आधी नारळ किंवा कडुनिंबाची काटकी घेऊन पाणाड्या फिरतो. बोअरच्या गाडीवाल्याचा तिसराच अंदाज असतो. 'पाणाड्या अंधश्रद्ध, भूवैज्ञानिक खरा' असं लिहून मोकळं होणं सोपं आहे. एडिंबराचा नियम इथे लावून बघा: दोघांनाही तेच प्रश्न विचारा. कोण कशाच्या आधारावर बोलतो, चुकलं तर काय कारण देतो, पैसे कधी घेतो, लोक कुणावर कधी विश्वास ठेवतात? निरीक्षण विहीर गावाच्या कोणत्या भागात आहे आणि ती तिथेच का? यातून पाणाड्याला पाणी सापडतं असं सिद्ध होणार नाही, तसा हेतूही नाही. गाव ज्ञानाचा व्यवहार कसा करतं, ते दिसेल.

शासन निर्णय वाचा, ग्रामसभेचं इतिवृत्त मागा, दोन-चार लोकांशी बोला आणि आठ-दहा पानं लिहा. मराठीत लिहा. लिहिताना मजा आली, प्रश्न वाढत गेले, तर हे क्षेत्र तुमचं. आणि 'मग शेवटी उपाय काय?' एवढाच प्रश्न छळत राहिला, तर धोरणाचा किंवा ग्रामीण तंत्रज्ञानाचा रस्ता तुम्हाला जास्त मानवेल. आयआयटी मुंबईत १९८५ पासून 'सितारा' हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र आहे, तिकडे बघा. त्यात कमीपणा काही नाही. उलट तिथल्या लोकांना काम होताना दिसतं, आपल्याला बहुतेक वेळा तळटीपाच दिसतात.

मूळ विद्याशाखा ठरवा, आणि नोकरीकडे बघून ठरवा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि नवे लोक तो सगळ्यात हलक्यात घेतात.

भारतात या विषयाला स्वतःचं दार जवळजवळ नाही. यूजीसी-नेटच्या (प्राध्यापकपदाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या) विषयांच्या यादीत 'विज्ञान-तंत्रज्ञान-समाज' नावाचा पेपर नाही. सहायक प्राध्यापकाच्या जाहिराती समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र अशाच निघतात आणि पात्रतेत 'संबंधित विषयातली पदव्युत्तर पदवी, ५५ टक्के' असं लिहिलेलं असतं. छाननी समितीसमोर तुमचा प्रबंध कितीही सुंदर असो, एमए कशात आहे हा रकाना आधी वाचला जातो. केमिकल इंजिनिअरिंग, मग थेट धोरण-अभ्यासात पीएचडी, अशा माणसाचं काय करायचं हे महाविद्यालयांना कळत नाही. आयआयटी आणि काही खासगी विद्यापीठं याबाबत मोकळी आहेत, पण तिथल्या जागा मोजक्या.

म्हणून माझा सल्ला: ज्या शाखेत उद्या अर्ज करणार, तिची पदवी आधी हातात घ्या.

समाजशास्त्र हा सगळ्यात रुंद रस्ता. प्रयोगशाळा, दवाखाने, शेती, सॉफ्टवेअर कंपन्या, काहीही त्यात बसतं. जागाही तुलनेने जास्त निघतात. पुणे, मुंबई, टीआयएसएस, हैदराबाद, जेएनयू, दिल्ली, कुठेही चांगलं एमए करा. नोकरी सोडणं शक्य नसेल तर इग्नूचं एमए चालतं. फक्त तिथे वाचनाची शिस्त आपली आपण लावावी लागते, दुसरं कुणी लावत नाही.

इतिहास घेणाऱ्याने दप्तरखान्यात दिवसच्या दिवस बसायची तयारी ठेवावी. तत्त्वज्ञानात विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाची मोठी परंपरा आहे, पण क्षेत्रकार्य करायचं असेल तर ते पटवून द्यावं लागतं. विज्ञान शिक्षणाकडे ओढा असेल तर मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून आहे आणि तिथे पीएचडी होते. अर्थशास्त्राच्या वाटेने नवनिर्मितीचा अभ्यास करता येतो, ते जग वेगळं आहे, मी त्यात शिरत नाही.

इंजिनिअरांसाठी दोन फटी आहेत. पहिली: यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवलेल्याला थेट पीएचडीला अर्ज करता येतो, आणि २०२४ पासून अशांना ज्या विषयात पीएचडी करायची त्या विषयात नेट देण्याची मुभा आहे, मग पदवी कशातही असो. (राखीव प्रवर्ग आणि इतर काही गटांना गुणांत ५ टक्के सूट आहे.) दुसरी: गेटमध्ये २०२१ पासून मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांचा पेपर आहे. त्यात समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र असे विभाग आहेत, इतिहास नाही. गेटची सवय असलेल्या मुलांना आयआयटीच्या मानव्यविद्या विभागाकडे जायला हा चांगला पूल आहे. तरीही, थेट पीएचडीची संधी मिळाली म्हणून एमए टाळू नका असंच मी म्हणेन. दोन वर्षं 'वाया' जातात, पण पुढची तीस वर्षं छाननीचा तो रकाना भरलेला राहतो. शिवाय वेबर, आंबेडकर, फुले, घुर्ये न वाचता थेट यंत्रांच्या समाजशास्त्राकडे उडी मारली की लिखाणात ते दिसतं.

कुठे करायचं

दिल्लीत जेएनयूचं विज्ञान धोरण अभ्यास केंद्र हे या विषयाचं देशातलं सगळ्यात जुनं नाव म्हणता येईल. गुजरात केंद्रीय विद्यापीठात विज्ञान, तंत्रज्ञान आणि नवनिर्मिती धोरणाचं केंद्र आहे. हैदराबाद विद्यापीठात ज्ञान, संस्कृती आणि नवनिर्मितीचं. सीएसआयआरच्या दोन संस्था, निस्टॅड्स आणि निस्केअर, २०२१ मध्ये एकत्र होऊन निस्पर झाली. तिथेही पीएचडी होते. बंगळुरूला जे. आर. डी. टाटांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये निघालेली नियास ही प्रगत अभ्यासाची संस्था आहे. मुंबई, दिल्ली, मद्रास, कानपूर अशा आयआयटींच्या मानव्यविद्या विभागांत एक-दोन प्राध्यापक तरी या विषयातले सापडतात.

पण संस्थेपेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा. तो शोधायला शोधगंगा हे इन्फ्लिबनेटचं संकेतस्थळ उघडा. देशभरातले प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. मार्गदर्शकाच्या नावाने शोध घ्या आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे तीन-चार प्रबंध उतरवून घ्या. प्रकरणं नंतर वाचा, आधी ऋणनिर्देश वाचा. कोणाला किती वर्षं लागली, सर किंवा मॅडम मसुदे वाचतात की नुसती सही करतात, हे त्या दोन पानांत ओळींमधून कळतं. मग संदर्भसूची बघा: शेवटचं पुस्तक पंधरा वर्षांपूर्वीचं असेल तर सावध व्हा.

आणखी एक नियम फार लोकांना माहीत नसतो. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ च विद्यार्थी घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. तेव्हा 'जागा आहे का?' हा प्रश्न पहिल्याच पत्रात विचारणं उद्धटपणा नाही.

ते पत्र आठ-दहा ओळींचं असावं. तुम्ही कोण, त्यांचा कोणता लेख वाचला आणि त्यातला कोणता मुद्दा तुमच्या विषयाला लागू होतो, तुमचा प्रश्न काय, जागा आहे का. 'आदरणीय महोदय, आपल्या थोर मार्गदर्शनाखाली' वगैरे एका ओळीपुरतं ठेवा. तेच पत्र वीस जणांना पाठवलं तर ते कळतं.

वाचन

सुरुवात फ्रेंच सिद्धान्तांपासून करू नका. पहिल्या महिन्यात माणूस 'कर्तृत्व', 'जाळं', 'संकर' असे शब्द पकडतो आणि मग वर्षभर तेच फेकत राहतो. त्यापेक्षा एखादं प्रत्यक्ष उदाहरण घेऊन लिहिलेला लेख उचला. सायकलीवरचं १९८० च्या दशकातलं काम घ्या: उंच पुढच्या चाकाची सायकल तरुण पोरांना मर्दानी वाटत होती, तीच बायकांना आणि वयस्कांना धोक्याची, आणि आजच्या सायकलीचा आकार या भांडणातून घडला. किंवा शीला जासनॉफ यांचे कायदा आणि विज्ञान यांवरचे लेख. कोलकात्यात जन्मलेल्या, हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या जासनॉफ यांना २०२२ चा होल्बर्ग पुरस्कार मिळाला. भारतावर ध्रुव रैना, शिव विश्वनाथन, दीपक कुमार, आभा सूर, जाह्नवी फाळके, बानू सुब्रमण्यम यांचं वाचा. हे सगळे एकमेकांशी सहमत नाहीत, म्हणूनच वाचा.

नियतकालिकं महागडी असतात, पण १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली आहे. केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्चशिक्षण संस्थांतल्या विद्यार्थ्यांना तीस मोठ्या प्रकाशकांची नियतकालिकं तिच्यातून मिळतात. नांदेड, जळगाव, कोल्हापूर, गडचिरोलीच्या विद्यापीठात असाल तरीही ग्रंथपालांना जाऊन विचारा. अनेक ठिकाणी सोय झालेली असते आणि वापरणारा कुणी नसतो. मुंबईहून निघणारं इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली तर ठेवाच.

प्रस्ताव: 'परिणाम' हा शब्द खोडा

आपल्याकडच्या निम्म्या प्रस्तावांचं शीर्षक 'अमुक तंत्रज्ञानाचा तमुक जिल्ह्यातील समाजावरील परिणाम: एक अभ्यास' असं असतं. यात तंत्रज्ञान आकाशातून पडतं आणि समाज खाली उभा राहून भिजतो. हा विषय उभाच राहिला तो हे चित्र नाकारून.

'मराठवाड्यातील ठिबक सिंचनाचा सामाजिक परिणाम' हा प्रस्ताव घेऊ. आता जरा जवळ जाऊ. अनुदानासाठी शेतकरी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करतो, विक्रेता संच बसवतो, कृषी खात्याचा माणूस मोका तपासणीला येतो, फोटो काढतो. त्या दिवशी संच रानात असतो. पुढच्या हंगामात असेलच असं नाही. मग 'ठिबकखालचं क्षेत्र' हा आकडा नेमकं काय मोजतो: नळ्या, बिलं, की वाचलेलं पाणी? वाचलेल्या पाण्यावर ऊस वाढवला तर ते वाचलं का? हा आकडा तालुका ते मंत्रालय प्रवास करताना कुठे कुठे घट्ट होत जातो? इथे प्रबंध आहे. तंत्रज्ञान, खातं, बाजार, पीक आणि आकडा एकमेकांना घडवताना दिसतात.

तुमचं विज्ञानाचं शिक्षण इथे कामाला येतं. ड्रिपरमधून तासाला किती लिटर पाणी जातं हे तुम्हाला समजतं. नुसत्या समाजशास्त्रज्ञाला अधिकारी सहज गुंडाळतो, तुम्हाला गुंडाळताना तो दोनदा विचार करेल. मात्र मुलाखतीत पॅनेल हमखास विचारतं: 'हे तर इंजिनिअरिंगचं काम, यात समाजशास्त्र कुठे आहे?' उत्तर तयार ठेवा, आणि ते मोठमोठ्या शब्दांत नको, वरच्यासारख्या एका उदाहरणात द्या. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन अधिछात्रवृत्ती) नसलेल्यांसाठी नेटच्या आधारे पीएचडी प्रवेश होतो तेव्हा ७० टक्के भार नेटच्या गुणांचा आणि ३० टक्के मुलाखतीचा असतो. त्या तिसाने पुष्कळांचं नशीब फिरतं. राज्यातल्या विद्यापीठांची पीएचडी प्रवेशपरीक्षा, म्हणजे पेट, वेगळी, तिचं पत्रक त्या त्या वर्षी बघा.

साधनं: मराठी हे तुमचं भांडवल आहे

बाहेरचा संशोधक महाराष्ट्रात येतो तेव्हा दुभाष्यामार्फत विचारतो आणि इंग्रजी कागद वाचतो. तुम्हाला दोन्ही बाजू खुल्या आहेत. तालुक्याच्या कार्यालयातल्या नस्तीवरचे (फाइलवरचे) शेरे मराठीत असतात आणि खरं भांडण त्या शेऱ्यांत असतं.

जुन्या काळावर काम करायचं तर खजिनाच आहे. 'सृष्टिज्ञान' हे मासिक १९२८ पासूनचं. 'किर्लोस्कर' १९२० चं, नांगराच्या कारखान्यातून निघालेलं मासिक. यंत्र आणि मध्यमवर्ग यांची सोयरीक कशी जुळली हे त्याच्या जाहिरातींतसुद्धा वाचता येतं. १८८० च्या दशकात टिळकांच्या मंडळींचं 'मराठा' हे पत्र अमेरिकेतल्या एमआयटीबद्दल लिहीत होतं, हे एका अमेरिकन इतिहासकाराने दाखवून दिलं. आपण ते आधी का दाखवलं नाही, हा प्रश्न मला अजून बोचतो. मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य अभिलेखागार आहे, पुण्यात पेशवे दप्तर. पेशवाईपर्यंत मागे जायचं तर मोडी शिकावीच लागेल. मुंबईत टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि बंगळुरूत एनसीबीएस (राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्र) यांचं विज्ञानाच्या आधुनिक इतिहासाचं दप्तर आहे.

इरावती कर्वे यांचंच बघा. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठतेचा पुरस्कर्ता. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध आहे, असं गुरूचं म्हणणं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असं लिहिलं. केवढं धैर्य! पण गोष्ट इथे संपवली तर ती शाळेतल्या भाषणाची होते. बाई पुण्याला आल्या, डेक्कन कॉलेजात काम करू लागल्या आणि महाराष्ट्रातल्या जातींची शरीरमोजणी पुढे कितीतरी वर्षं करत राहिल्या. गुरूचा निष्कर्ष नाकारला, गुरूची मोजपट्टी सोबत आली. ती इथे आल्यावर 'वंश' आणि 'जात' यांचं काय झालं? या दुसऱ्या प्रश्नापाशी विज्ञान-तंत्रज्ञान-समाज अभ्यास सुरू होतो, आणि परदेशी अभ्यासकांनी त्यावर कामही केलं आहे.

चालू काळातल्या विषयासाठी माहिती अधिकार कायदा हे संशोधकाचं अवजार आहे. अर्जाची फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका. नस्ती क्रमांक, बैठकीची तारीख, परिपत्रक असं नेमकं मागा. मात्र ज्या कार्यालयात तुम्हाला सहा महिने बसून निरीक्षण करायचं आहे, तिथे पहिल्याच आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाकलात तर चहा बंद होतो. आधी बसा, बोला. अर्ज शेवटी.

प्रयोगशाळेत शिरकाव मिळवणं आणखी अवघड. संचालकांचं पत्र मिळालं तरी खरी परवानगी तिथल्या पीएचडीच्या मुलांकडून आणि तंत्रज्ञांकडून मिळते. त्यांची नावं, चुका, वरिष्ठांबद्दलचं बोलणं हे सगळं तुमच्या वहीत असतं. लहानशा क्षेत्रात नाव बदलूनही माणूस ओळखू येतो, म्हणून कधी कधी हातातला उत्तम प्रसंग गाळावा लागतो.

पैसा

जेआरएफ मिळाली तर महिना ३७,००० रुपये, पुढे वरिष्ठ टप्प्याला, म्हणजे एसआरएफला, ४२,०००. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे, घरभाडं वेगळं. जेआरएफला वयाची अट साधारण ३० वर्षं, काही गटांना सवलत. नेट वर्षातून दोनदा होते. नुसतं 'पीएचडीसाठी पात्र' ठरलात तर तो निकाल एक वर्षच चालतो.

जेआरएफ हुकली तर राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, दिल्लीत आयसीएसएसआरची (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची). अटी आणि जागांची संख्या वर्षागणिक बदलते, म्हणून मागच्या वर्षीच्या मित्राचं ऐकून अर्ज भरू नका, त्या वर्षीचं पत्रक वाचा. आणि पैसे वेळेवर येतात असं धरून चालू नका. हप्ता महिनोन् महिने अडकल्याचं प्रत्येक विद्यापीठात ऐकू येतं. निदान सहा महिन्यांच्या खोलीभाड्याची तजवीज असल्याशिवाय नोकरी सोडू नये असं मला वाटतं. नोकरीवाल्यांना अर्धवेळ पीएचडीची परवानगी आहे, मात्र कार्यालयाचं ना-हरकत पत्र लागतं. पीएचडीला किमान तीन, कमाल सहा वर्षं, आणि नंतर दोनपर्यंत मुदतवाढ.

परदेश

अमेरिकेत एमआयटी, कॉर्नेल, रेन्सलेअर, व्हर्जिनिया टेक येथे या विषयाची स्वतंत्र पीएचडी आहे. तिथे बहुधा पाचेक वर्षांचा खर्च विद्यापीठ उचलतं, म्हणून कर्ज काढून जाऊ नका. ब्रिटनमध्ये एडिंबरा, ससेक्स, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन, नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्त, ट्वेंटे, ऑस्ट्रियात व्हिएन्ना. ब्रिटनमध्ये प्रवेश सोपा आणि पैसा अवघड. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिची जाहिरात आणि विद्यापीठांच्या मुदती यांचा मेळ आधीच घालून ठेवा. अर्जासोबतचा लेखननमुना हा सगळ्यात वजनदार कागद असतो. वर सांगितलेली ती आठ-दहा पानं इंग्रजीत पुन्हा लिहून काढलीत तर तिथेच उपयोगी पडतात.

छापणं आणि नोकरी

२०२२ च्या नियमांनी प्रबंधाआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्ती काढली. यूजीसीने २०२५ मध्ये केअर यादीही (मान्य नियतकालिकांची यादी) बंद केली. त्यामुळे 'तीन दिवसांत प्रसिद्धी, फी अमुक' म्हणणाऱ्यांचा सुळसुळाट आहे. त्यांच्यापासून लांब राहा. संपादक मंडळातल्या दोघांना पत्र लिहून ते खरंच तिथे आहेत का विचारा, बऱ्याचदा तेवढ्यात निकाल लागतो. एक चांगला इंग्रजी लेख आणि 'समाज प्रबोधन पत्रिका'सारख्या ठिकाणी एक मराठी लेख, एवढं पीएचडी संपेपर्यंत पुष्कळ झालं. मराठी लेख निवड समितीत मोजला जाईलच असं नाही. पण ज्यांच्यावर लिहिलं ते लोक तोच वाचतात, आणि कधी कधी फोन करून चुका सांगतात, त्या चुका कोणत्याही परीक्षकाला सापडल्या नसत्या.

नोकरीबद्दल खरं सांगायचं तर रांग लांब आहे. राज्यातल्या अनुदानित महाविद्यालयांत कायम जागा क्वचित निघतात आणि तोपर्यंत अनेक जण तासिका तत्त्वावर शिकवत राहतात, कधी दोन-तीन महाविद्यालयांत धावत. तो पर्याय घेतलात तर किती वर्षं, याची मर्यादा आधी ठरवा. सेट (राज्याची पात्रता परीक्षा) उत्तीर्ण असाल तर महाराष्ट्र-गोव्यातल्या महाविद्यालयांसाठी नेटची गरज राहत नाही, त्यामुळे एमएच्या दुसऱ्या वर्षातच सेट देऊन टाका. आयआयटी आणि आयसरच्या मानव्यविद्या विभागांत, खासगी विद्यापीठांत पीएचडीनंतर परदेशात किंवा देशात एखादी पोस्ट-डॉक आणि चांगले लेख असतील तर संधी बरी.

विद्यापीठाबाहेरही हे कौशल्य लागतं. पुण्यात वीज क्षेत्राचे आकडे उलगडणारी प्रयास आहे, पाण्यावर काम करणारी सोपेकॉम आहे, मुंबईत आरोग्यावर संशोधन करणारी सेहत. विज्ञान संग्रहालयं आणि संस्थांची अभिलेखागारं आता प्रशिक्षित माणसं शोधतात. अशा ठिकाणी पीएचडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच दोन महिने काम करून ठेवा. तिथली माणसं तुमचा प्रबंध वाचणार नाहीत. तुम्ही एखादी सरकारी निविदा वाचून ती दोन पानांत समजावून सांगू शकता का, एवढंच बघतील. त्याचा सराव आजच सुरू करायला हरकत नाही. जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर निविदा रोज पडतात.